पागेतून रस्त्यावर : बडोद्यातील आरंभीच्या मोटारी

बडोदे संस्थानाची स्वतःची पहिली आगगाडी बैलांनी ओढली. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाव असा अडीच फुटी रूळमार्ग टाकला गेला. पण ते रूळ इंजिनाचा भार सोसणारे नव्हते, म्हणून डब्यांना बैल जुंपले. वाफेची इंजिने नियमित धावू लागली ती बऱ्याच वर्षांनी, मार्ग मजबूत केल्यावर. मोटारीवरच्या लेखाची सुरुवात बैलांपासून करण्याला कारण आहे. बडोद्यात नवे यंत्र आले की त्याने जुन्या जनावराबरोबर दीर्घकाळ संसार केला, आणि मोटारही त्याला अपवाद नव्हती.

या आढाव्यातला प्रश्न सरळ आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीसेक वर्षांत आलेल्या मोटारींनी बडोद्याच्या साध्या माणसाच्या जगण्यात आणि कामधंद्यात काय बदलले? उत्तरे मात्र निरनिराळ्या दिशांनी आली आहेत. जुन्या गाड्यांचे संग्राहक एक सांगतात, तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक दुसरे, आणि रेल्वे-रस्त्यांचा इतिहास लिहिणारे तिसरेच. सामाजिक इतिहासाच्या बाजूने आलेला एक प्रश्न तर या तिघांनाही नीट पेललेला नाही. या सगळ्यांचे म्हणणे एका जागी मांडावे, म्हणजे पुढे कुठे खणायचे ते कळेल.

गाव आणि गाडी

१९०१ च्या जनगणनेत बडोदे शहराची वस्ती १,०३,७९० होती. जुने गाव लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांच्या आत, मध्यभागी मांडवी. बाहेर रावपुरा, दांडिया बाजार, पलीकडे स्टेशनाकडे सयाजीगंज. सयाजीराव महाराजांनी १८८१ मध्ये कारभार हाती घेतल्यानंतर गाव झपाट्याने बदलले. लक्ष्मीविलास राजवाडा आणि कलाभवन १८९० चे, न्यायमंदिर १८९६ चे, खंडेराव मार्केट १९०६ चे. रस्त्यावर बग्ग्या, शिग्राम, टांगे, एक्के, दमण्या आणि मालाच्या बैलगाड्या. दसऱ्याच्या सवारीला हत्ती.

हिंदुस्थानात मोटार आली ती याच सुमारास. १८९७ मध्ये कलकत्त्यात एक आणि १८९८ मध्ये मुंबईत चार, अशी परंपरेने दिली जाणारी संख्या आहे. मुंबईच्या चारांपैकी एक जमशेटजी टाटांची. पतियाळा दरबाराच्या नावावर १८९२ चा दावाही सांगितला जातो. ‘पहिली गाडी कोणाची’ हा वाद संग्राहकांच्या आवडीचा आहे, पण आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग थोडा. गावात एक गाडी आली म्हणजे गावाचा दिनक्रम बदलला असे होत नाही. दिनक्रम बदलतो तो गाडी भाड्याने मिळू लागते तेव्हा, आणि बिघडल्यावर ती गावातच दुरुस्त होऊ लागते तेव्हा.

त्या दृष्टीने तीन टप्पे महत्त्वाचे. फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये मॉडेल टी काढले आणि १९१३ पासून ते सरकत्या साखळीवर बनवायला घेतले. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराने वापरलेल्या लॉऱ्या बाजारात आल्या. आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली. शिवडी ते बडोदे हे बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे एका रात्रीचे अंतर. महागडी विलायती वस्तू म्हणून आलेली मोटार या वीस वर्षांत व्यापारी, डॉक्टर, वकील आणि सर्व्हिस मोटार, म्हणजे भाड्याची उतारू बस, चालवणाऱ्याच्या आवाक्यात आली.

राजवाड्याची बाजू

संस्थानी मोटारींवर सर्वांत जास्त लिहिले गेले ते संग्राहकांच्या आणि छायाचित्रग्रंथांच्या अंगाने. मानवेंद्र सिंह बडवानी आणि शारदा द्विवेदी यांचे २००३ चे महाराजांच्या मोटारींवरचे पुस्तक हा त्यातला ठळक टप्पा. जानेवारी २०२३ मध्ये ‘ट्वेंटीवन गन सॅल्यूट’ या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाचे दहावे पर्व लक्ष्मीविलासच्या आवारातच भरले होते, आणि बडोदेकरांनी शंभर वर्षांपूर्वीच्या गाड्या हाताच्या अंतरावरून पाहिल्या.

या बाजूचे म्हणणे असे: संस्थानिकांनी मोटार आणली, तिच्यासाठी कारागीर पोसले, रस्ते सुधारले, त्यांची हौस ही प्रजेच्या सोयीची पहिली पायरी ठरली. यात तथ्य आहे. बडोद्याच्या खानगी, म्हणजे राजघराण्याच्या, खात्याकडे पागा, बग्गीखाना, हत्तीखाना यांची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था होती, आणि असे खाते मोटारीला लागणारी माणसे एका छपराखाली आणू शकत होते. संग्राहकांनी चासीचे आकडे, बांधणीच्या पेढ्यांची नावे, मालकीची साखळी हे सगळे चिकाटीने जमवले; त्यांच्यावाचून या गाड्या भंगारात गेल्या असत्या.

उणीव एवढीच की या लेखनात गाडी कोण चालवत होते, ती कोण धूत होते, चाकातली ट्यूब कोण बदलत होते, याचा पत्ता लागत नाही. गाडीपुढे उभ्या माणसाचे नाव चित्राखाली असते. चाकामागे बसलेल्याचे नसते.

रोजच्या यंत्राची बाजू

दुसरी बाजू गेल्या दीड दशकात पुढे आली. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ च्या ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या ग्रंथात शिलाई यंत्र, टंकलेखन यंत्र, सायकल आणि भातगिरणी या चार यंत्रांचा इतिहास मांडला. मुद्दा असा, की लहान यंत्रे परदेशातून आली तरी वापरणाऱ्यांनी आणि दुरुस्त करणाऱ्यांनी ती इथली केली. मोटार त्या चारांत नाही. पण १९१० नंतरच्या शहरांतल्या रहदारीच्या प्रश्नावर त्यांनी वेगळा निबंध लिहिला आहे. स्टेफान टेट्झलाफ यांनी १९१५ ते १९४० या काळातल्या मोफसल, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या, भागातल्या मोटार वाहतुकीवरच संशोधन केले. लहान गावांतली मोटार ही प्रामुख्याने भाड्याची बस आणि लॉरी होती, आणि तिचे मालक एक-दोन गाड्या बाळगणारे छोटे धंदेवाले होते, असे त्यातून दिसते.

ही बाजू समजायची तर जुन्या फोर्डचे हँडल मारताना एकदा तरी पाहावे. हँडल गाडीच्या तोंडाशी, खाली. ते धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. त्याआधी चक्राखालची ठिणगीची छोटी दांडी मागे घ्यायची. ती घ्यायला विसरले तर ठिणगी वेळेआधी पडे, इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. पेट्रोल डब्यांतून येई, आणि टाकीत ओतताना ते मऊ कातड्यातून गाळत, कारण पाण्याचा एक थेंब कार्ब्युरेटर बंद पाडायला पुरेसा असे. सुरुवातीच्या गाड्यांच्या दिव्यांत कार्बाइडवर पाणी थेंबथेंब सोडून गॅस तयार करावा लागे. हे सगळे ज्याच्या हाताला बसले तो ड्रायव्हर, आणि त्याच्या हाताखाली हे शिकणारा पोरगा क्लिनर. परीक्षेला बसून नव्हे, उस्तादाच्या शिव्या खाऊन ही विद्या पुढे गेली.

दुरुस्तीचेही तसेच. मोटारीचे पाटे हे बग्गीच्याच पाट्यांचे वंशज, तेव्हा ते तापवून बाक देणे लोहाराला ठाऊक होते. लाकडी सांगाडा सुताराचा, टपाचे आणि बैठकीचे कातडे मोच्याचे, रंग बग्गी रंगवणाऱ्याचा. नवे काय ते इंजिन. तिथे गिरण्यांतले आणि रेल्वेच्या कारखान्यातले फिटर उपयोगी पडत. बडोद्यासारख्या गावात ही सगळी माणसे आधीच होती, आणि मला वाटते, मोटार इथे रुजली त्याचे अर्धे श्रेय या आधीच्या कारागिरीला आहे.

कलाभवनाचे श्रेय किती, हा मात्र वादाचा मुद्दा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेत यंत्रविद्या, रंगकाम, सुतारकाम शिकवले जाई, आणि तेही देशी भाषांतून शिकवावे असा आग्रह होता. शिक्षणाचा इतिहास लिहिणारे बडोद्याच्या यांत्रिक कौशल्याचा उगम तिथे पाहतात. रोजच्या यंत्राचे अभ्यासक म्हणतात की मिस्त्री वर्गात घडत नाही, गॅरेजच्या तेलकट फरशीवर घडतो. दोन्ही वाटांनी माणसे आली असणार. कोणत्या वाटेने किती आली हे कलाभवनाची हजेरीपुस्तके आणि गॅरेजांचे हिशेब शेजारी ठेवल्याशिवाय ठरणार नाही.

रूळ आणि धूळ

तिसरी बाजू या उत्साहाला आवर घालते. बडोदे हे रेल्वेचे संस्थान होते, मोटार तिथे उशिरा आणि दुय्यम भूमिकेत आली, असे तिचे म्हणणे. मला हा युक्तिवाद सर्वांत भक्कम वाटतो, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घेतो.

बडोद्याभोवतालची जमीन गाळाची, गोराडू आणि काळी. खडीचा दगड जवळ नाही, तो दुरून आणावा लागे. पक्का रस्ता करायचा म्हणजे खडी पसरायची, रूळ फिरवायचा, फटींत मुरूम भरायचा, पाणी मारून पुन्हा रूळ फिरवायचा. असा रस्ता बैलगाडीला चालतो. चाकाची लोखंडी धाव खडी चुरडते, पण तोच भुगा फटींत बसतो. वेगाने जाणारे रबरी चाक नेमके उलटे करते: फटीतला भुगा वर ओढून हवेत उडवते. खडी उघडी पडते, मागून आलेली धाव ती खिळखिळी करते, आणि पहिल्या पावसात रस्ता वाहून जातो. मोटार आणि बैलगाडी एकाच रस्त्यावर चालल्या की रस्ता दोघांपैकी एकटीच्या वाहतुकीपेक्षा लवकर मरतो. उपाय डांबराचा, आणि डांबर महाग. बडोद्याच्या घराघरांतल्या खिडक्यांवर बसलेली ती पिवळट धूळ ही मोटारीची सामान्य माणसाला झालेली पहिली ओळख असावी.

दगड नाही, म्हणून संस्थानाने पैसा रुळांत घातला. डभोईपासून फाटे फुटत अरुंद मार्गांचे मोठे जाळे झाले. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून सयाजीरावांनी ग्रंथालयांचे खाते सुरू केले. त्यातली फिरती ग्रंथालये म्हणजे पुस्तकांच्या लाकडी पेट्या, आणि त्या पेट्या रेल्वेने जात. स्टेशनापासून गावापर्यंत बैलगाडी. साध्या माणसापर्यंत वस्तू पोचवण्याची संस्थानाची रीत ही अशी होती, आणि ती उत्तम चालत होती.

शिवाय संस्थान एकसंध नव्हते. बडोदे, कडी (पुढे मेहसाणा), नवसारी, अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले, आणि ओखामंडळ तर थेट द्वारकेच्या टोकाला. मध्ये ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थाने. ब्रिटिश हिंदुस्थानचा १९१४ चा मोटार कायदा संस्थानांना आपोआप लागू नव्हता. प्रत्येकाचे नियम वेगळे, जकातनाके वेगळे. रेल्वेचे तिकीट मात्र एकच असे.

मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला, आणि १९२९ पासून पेट्रोलवरचा कर गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे झाला. वाढीव दोन आणे रस्त्यांच्या निधीत जात, आणि त्यातून संस्थानांनाही पेट्रोलच्या खपाप्रमाणे वाटा मिळे. पाठोपाठ रेल्वेची ओरड सुरू झाली. १९३२-३३ मधल्या, रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेवरच्या मिचेल-कर्कनेस चौकशीत, पन्नास मैलांच्या आतले उतारू बसकडे वळत असल्याचे दिसून आले. इथे दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूची खरी गाठ पडते. रेल्वेवाले म्हणतात, मोटारीने रेल्वेचे उत्पन्न खाल्ले. मोफसल मोटारीचे अभ्यासक म्हणतात, मोटारीने रेल्वे न पोचणाऱ्या गावांची माणसे प्रथमच हलवली, आणि त्यांतली बरीच पुढे स्टेशनावरच उतरली. डभोईसारख्या ठिकाणी, जिथे रूळ आधीच चहूकडे होते, पहिले म्हणणे अधिक लागू पडावे असे मला वाटते.

टांगा कोणाला बसू देतो

आता तो राहिलेला प्रश्न. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले, आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, हे सर्वांना माहीत आहे. त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत याच्याजवळच प्रवासाची एक हकीकत आहे. १९२९ मध्ये ते चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी अस्पृश्य उतारूला हाकून नेणे कमीपणाचे मानले, तेव्हा तडजोड झाली: टांगा भाड्याने, हाकणारा वस्तीतला. त्याला सवय नव्हती. निघाल्यावर थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली, आणि पुढे पुलावर टांगा उलटून बाबासाहेबांचा पाय मोडला.

या एका प्रसंगात आपला सगळा विषय आहे: घोडा, मोटार, रस्ता, आणि लगाम कोणाच्या हाती हा सवाल. काही अभ्यासकांच्या मते तिकिटाची मोटार टांग्यापेक्षा समतेची होती. ड्रायव्हरला दर फेरीला गाडी भरायची असे आणि उतारूची जात विचारायला सवड नसे. दुसरे दाखवून देतात की मद्रास इलाख्यात काही बसवाले अस्पृश्यांना घेतच नसत, आणि स्थानिक मंडळांना परवाना रद्द करण्याची ताकीद द्यावी लागली. सयाजीरावांच्या सुधारणांची कीर्ती मोठी आहे आणि ती योग्यच आहे, पण हुकूम आणि स्टँडवरचा व्यवहार यांत अंतर असते हे १९१७ मध्ये याच शहरात दिसले. बडोद्याच्या सर्व्हिस मोटारीत कोण कुठे बसत होते, हे या विषयातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी हाताळलेले प्रकरण आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू सरकारी फिरतीची. वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचा अंमलदार, घोड्यावर किंवा दमणीतून गावोगाव जाई, तळ ठोके, रात्र काढी, लोक येऊन बोलत. मोटार आल्यावर तो सकाळी येऊन दुपारी परत जाऊ लागला. कारभार वेगवान झाला असे एक मत; अंमलदार आणि रयत यांच्यातली ओळख संपली असे दुसरे. ब्रिटिश मुलखात ही तक्रार अंमलदारांनीच पुष्कळदा मांडली आहे. बडोद्याचे वार्षिक अहवाल या नजरेने पुन्हा वाचायला हवेत.

शब्दांची साक्ष

कागद बोलत नाहीत तिथे शब्द बोलतात. बडोद्यात मराठी आणि गुजराती एकाच ओट्यावर बसतात, आणि मोटारीच्या बाबतीत दोघींनी केलेली निवड पाहण्याजोगी आहे. गुजरातीत ‘खटारो’ म्हणजे मालाची मोठी गाडी, धडधाकट लॉरीसुद्धा. मराठीत ‘खटारा’ म्हणजे खिळखिळी झालेली. एकाच आवाजावरून एकीने कामाची गाडी घेतली, दुसरीने तिची अवस्था. गुजराती माणूस आजही मोटार ‘हांकतो’, आणि जुन्या मराठीतही मोटार ‘हाकली’च जाई. इंजिनाचे बळ मोजायला घोडे लागले, ते अश्वशक्तीत राहिले. रूळगाडीला जुंपलेले डभोईचे बैल असे भाषेत टिकून आहेत.

काय ठरले, काय राहिले

एवढे आता ठरल्यासारखे आहे: राजवाड्याची मोटार आणि गावाची मोटार यांचे इतिहास वेगळे आहेत. गावाची मोटार खऱ्या अर्थाने पहिल्या युद्धानंतर आली, आणि तिला १९३९ च्या मोटार कायद्याच्या परवान्यांनी आणि दुसऱ्या युद्धातल्या पेट्रोलटंचाईने वेगळे वळण दिले. त्या टंचाईत बसच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी लागली होती. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा ही कहाणी मोठ्या कहाणीत मिसळली.

राहिले ते तीन प्रश्न: टांगेवाल्यांचे पुढे काय झाले, मिस्त्री कुठून आले, आणि बसमध्ये जात कुठवर चढली. उत्तरांची साधने बडोद्यातच आहेत. संस्थानाची आज्ञापत्रिका (सरकारी गॅझेट), वार्षिक अहवाल, खानगी खात्याचे हिशेब, अपघातांचे न्यायालयीन कागद, दामोदर सावळाराम यंदे यांच्या ‘सयाजीविजय’सारख्या पत्रांतल्या जाहिराती आणि तक्रारी. हे बरेचसे मराठी आणि गुजरातीत आहे, काही मोडीत. इंग्रजी ग्रंथांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला ते उघडणार नाही, आणि दोन्ही भाषा येणारा तरुण बडोदेकर हे काम इतर कोणापेक्षाही चांगले करील. रेल्वेचा वारसा शहरातल्या प्रतापनगरला जपून ठेवला आहे. सर्व्हिस मोटारीसाठी तसे एकही दालन नाही, आणि ते व्हायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारी दप्तराबाहेरचे कागद घराघरांत आहेत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बडोद्यात मोटार चालवली, दुरुस्त केली, बसची तिकिटे फाडली किंवा टांगा हाकला, त्यांच्या ट्रंकेत एखादे लायसन्सचे पुस्तक, दुरुस्तीचे बिल, बिल्ला किंवा गॅरेजसमोर काढलेला फोटो असेल. तो रद्दीत घालू नका. बडोद्याच्या अभिलेखागारात किंवा मध्यवर्ती ग्रंथालयात नेऊन दाखवा; ते जमत नसेल तर निदान मागे पेन्सिलीने त्या माणसाचे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.